दर्या, दऱ्या आणि अक्षरांचा चेहरा

आचरा हे मालवण तालुक्यातलं गाव. रामेश्वराच्या देवळामुळे आणि काही वर्षांनी एकदा अख्खं गाव वेशीबाहेर राहायला जातं त्या गावपळणीमुळे ते महाराष्ट्रभर माहीत आहे. मराठी माणूस या गावाला जातो तेव्हा ‘आचऱ्याला’ जातो. पण लग्नपत्रिकेत, बातमीत, फ्लेक्सवर तेच गाव पुष्कळदा ‘आचर्याला’ होऊन येतं. मोठ्याने वाचून पाहिलं की फरक लगेच कानाला कळतो. ‘आचर्याला’ म्हणताना ‘च’वर जोर पडतो, ‘आचऱ्याला’ म्हणताना पडत नाही.

समुद्राला दर्या म्हणणाऱ्या आणि घाटाखाली दऱ्या असणाऱ्या या सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा फरक आणखी ठळक होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या दोन शब्दांत ध्वनी तेच, क्रमही तोच. एकात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात ‘य’च्या अलीकडे बारीक वळण होऊन चिकटतो. एवढ्या एका वळणाने अर्थ बदलतो. हिंदीला या वळणाची गरज नाही. मराठी, कोकणी आणि नेपाळीला आहे. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या यंत्रांत आणि कळफलकांत ते बराच काळ अडगळीत राहिलं. आज संगणकावर किंवा फोनवर ते सहज उमटतं: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ‘य’ लिहायचा. गंमत अशी की ‘ऱ’ला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती दक्षिणेकडच्या भाषांमधला एक ‘र’ नागरीत लिहिता यावा म्हणून. त्याच्या अर्ध्या रूपावर मराठीचं काम भागतं.

अक्षराचा आकार कुणा एकाने बसून ठरवलेला नसतो. लेखणीचा काप, शिशाचे खिळे, यंत्राच्या कळा, सरकारी समित्या आणि बाजार या सगळ्यांचा त्यावर हात फिरतो. मराठी अक्षरांच्या बाबतीत या हातांपैकी निदान दोन सिंधुदुर्गाशी नातं सांगणारे आहेत, आणि ही गोष्ट सुरू होते ती शेजारच्या गोव्यात.

१५५६ साली पोर्तुगालहून ॲबिसिनियाकडे निघालेला एक छापखाना गोव्यात उतरला आणि तिथेच राहिला. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तो चालू झाला. भारतातला हा पहिला छापखाना. पुढे साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. इंग्लंडमधून आलेल्या या जेझुइट पाद्र्याने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या, पण छापल्या त्या रोमन अक्षरांत. त्याला रोमन हवी होती असं नाही. १६०८ साली रोमला पाठवलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापलेली पाहण्याची फार वर्षांची इच्छा कळवली होती. अडचणही सांगितली होती: युरोपात चोवीस अक्षरांवर काम होतं, इथे सहाशेच्या आसपास साचे लागतील.

सहाशे हा आकडा अतिशयोक्तीचा नव्हता. रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन शेजारी शेजारी उभे राहतात, चोवीस तुकडे मागेपुढे लावले की झालं. नागरीत स्वर व्यंजनाच्या वर चढतो, खाली लोंबतो, मागे जातो, ऱ्हस्व वेलांटी झाला तर उच्चारात नंतर येऊनही कागदावर आधी बसतो. व्यंजनं एकमेकांत घुसतात. ‘क’ आणि ‘ष’ मिळून ‘क्ष’ होतो तेव्हा दोघांपैकी कुणाचाच चेहरा उरत नाही. स्टीफन्सने मग रोमनमध्येच वाट काढली. ण, ळ, ट यांसारखे ध्वनी दाखवायला त्याने अक्षरं जोडीने लिहिली. मराठी छपाईची सुरुवात अशी परक्या लिपीत, नाइलाजाने झाली.

नागरीचे खिळे मराठीच्या वाट्याला यायला पुढे जवळपास दोनशे वर्षं गेली. १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण नागरी टाइपात छापलं गेलं. तिथले ठसे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्या जावयाने, मनोहरने, कोरलेले होते. त्याच वर्षी मिरजेत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली गीता छापली गेली. नाना फडणविसांनी पुण्यात सुरू केलेलं ते काम त्यांच्या मृत्यूनंतर मिरजेच्या पटवर्धनांनी पुरं करवून घेतलं. केरीने १८१०चा मराठी कोश मोडी टाइपात छापला, कारण दैनंदिन मराठी तेव्हा मोडीतच चालत असे. सावंतवाडी संस्थानची दफ्तरंही मोडीतली. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरं गुंफत जाई. हातासाठी घडलेली ही लिपी खिळ्यांत कधी रुळली नाही. छापखाना बालबोधाच्या, म्हणजे नागरीच्या, बाजूला गेला आणि मोडी हळूहळू कागदपत्रांपुरती उरली.

देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले हे या गोष्टीतलं पुढचं ठिकाण. बाळशास्त्री जांभेकर इथले. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत त्यांनी ‘दर्पण’ काढलं. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांची आठवण दरवर्षी त्या दिवशी निघते, पोंभुर्ल्यात त्यांचं स्मारकही आहे. पण अक्षरांच्या दृष्टीने ‘दर्पण’चं एक वेगळं महत्त्व आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ते द्विभाषी होतं. एका पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी, एक मराठी.

दोन लिप्या शेजारी शेजारी बसवणं किती अवघड असतं, ते आजही कुठल्याही द्विभाषी पाटीसमोर उभं राहिलं की कळतं. रोमन अक्षरं खालच्या अदृश्य रेघेवर उभी असतात. नागरी अक्षरं वरच्या शिरोरेषेला टांगलेली असतात. रोमनमध्ये वर-खाली डोकावणारे भाग थोडे. मराठीत मात्र ‘सर्वांत’ या शब्दात ‘वा’च्या कान्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटतात, आणि वरच्या ओळीतला उकार त्यांच्यावर आदळायला टपलेला असतो. म्हणून त्याच मापाच्या रोमनपेक्षा नागरीला दोन ओळींत जास्त जागा लागते. जाड-बारीकही उलटं. बोरूचा काप दोन्हीकडे वेगळ्या दिशेला असल्यामुळे रोमनमध्ये जी तिरकी रेघ जाड येते, ती नागरीत बारीक आणि जी तिकडे बारीक ती इकडे जाड. दोन्ही लिप्या सारख्या वजनाच्या, सारख्या मानाच्या दिसाव्यात यासाठी आज अक्षरकार महिनोन्‌महिने घालवतात. तो प्रश्न मराठी वर्तमानपत्राच्या पहिल्याच पानावर हजर होता.

जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीही छापली, ती मात्र शिळाप्रेसवर. शिळाप्रेसमध्ये हाताने लिहिलेली अक्षरं दगडावरून थेट कागदावर उतरतात. खिळे नकोत, सहाशे साचे नकोत. त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी मराठी पोथ्या छापील असूनही हस्तलिखितासारख्या दिसतात.

खिळ्यांना खरं सौंदर्य आलं ते जावजी दादाजी यांच्या हातून. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात हे काम शिकलेल्या जावजींनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कारागीर त्यांच्याबरोबर होता. निर्णयसागरचा टाइप इतका रेखीव आणि वाचायला इतका सोपा होता की संस्कृत ग्रंथ छापायचे म्हणजे याच अक्षरांत, असं देशभर होऊन बसलं.

त्याचा परिणाम आज भारतातला प्रत्येक नागरी वाचक रोज पाहतो. उत्तरेकडे अ, झ, ण या अक्षरांची वेगळी वळणं चालत. तिकडचा जुना ‘ण’ म्हणजे ‘र’ला दोन काने दिल्यासारखा. मुंबईची वळणं छापील पुस्तकांतून सगळीकडे गेली आणि पुढे हिंदीच्या प्रमाण वर्णमालेतही तीच घेतली गेली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र उलटं झालं. तिथे हिंदीची रूपं प्रमाण ठरली आणि संगणकाच्या वाटेने मराठीत शिरली. ‘मालवण’ हे नाव या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. त्यातला ‘ण’ मुंबईहून देशभर गेलेला आहे आणि ‘ल’ पुष्कळ पाट्यांवर उत्तरेकडून आलेला आहे.

यंत्रांनी मग समित्यांना कामाला लावलं. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा, टाइपरायटरवर त्याहूनही कमी. नागरी त्यात मावेना. यंत्र बदलायचं की लिपी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फार गंभीरपणे चर्चिला गेला. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालवली. तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. इ, उ, ए अशी स्वतंत्र अक्षरं न ठेवता ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा द्यायची आणि ‘अि, अु, अे’ लिहायचं, ही लिपिशुद्धीतली गाजलेली सुधारणा. ‘किर्लोस्कर’ मासिक कितीतरी वर्षं याच बाराखडीत निघत होतं. जुन्या घरांच्या माळ्यावर ते अंक अजून सापडतात आणि नव्या वाचकाला क्षणभर कोड्यात टाकतात.

देशपातळीवर हेच काम ज्यांच्याकडे आलं ते काकासाहेब कालेलकर. जन्म साताऱ्याचा, पण आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलेलं. हिंदी साहित्य संमेलनाने १९३५ मध्ये नेमलेल्या नागरी लिपी सुधार समितीची धुरा त्यांच्याकडे होती आणि तिनेही ‘अ’ची बाराखडी उचलून धरली. नवजीवन प्रकाशनाच्या जुन्या हिंदी पुस्तकांत ती छापलेली आहे. १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यायचं ठरवलं होतं. लोकांनी ते स्वीकारलं नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना एकदा सवय झाली की कुठल्याही परिषदेपेक्षा ती वरचढ ठरते. या सुधारकांची तळमळ खरी होती. पण त्यांनी लिपी ज्या यंत्रात बसवण्यासाठी कापायला घेतली होती, ती यंत्रं भंगारात गेली आणि लिपी अजून चालू आहे.

या सगळ्या काळात एक कारागीर असा होता, ज्याला ना खिळ्यांची अडचण होती ना कळांची. तो म्हणजे पाट्या रंगवणारा पेंटर. मालवणच्या किनाऱ्यावर त्याचं काम आजही पाहता येतं, आणि सगळ्यात चांगलं दिसतं ते होड्यांवर.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या आणि ट्रॉलर किनाऱ्यावर ओढले जातात, डागडुजी होते, रंग लागतो आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला नावं पुन्हा झळाळू लागतात. होडीची फळी सपाट नसते. ती मध्यभागी खाली असते आणि पुढच्या टोकाकडे चढत जाते. पेंटर शिरोरेषा फळीच्या काठाला समांतर धरतो, म्हणजे नावही काठाबरोबर वळतं. डावीकडून उजवीकडे वाचण्याच्या आपल्या सवयीमुळे होडीच्या उजव्या बाजूवर नाव चढत जातं, तर डाव्या बाजूवर तेच नाव पुढच्या टोकापासून उतरत येतं. दोन्हीकडे अक्षरांचे दंड उभे ठेवायचे की फळीला काटकोनात, हे हाताच्या अंदाजाने ठरतं. दंड उभा ठेवला तर अक्षर रेघेशी तिरकं होतं, काटकोनात ठेवला तर मागे किंवा पुढे कलल्यासारखं दिसतं. चांगला पेंटर दोन्हींच्या मधली जागा पकडतो आणि नाव स्थिर दिसतं.

शेजारी रोमन अक्षरांत आणि आकड्यांत होडीचा नोंदणी क्रमांक असतो. त्याला वरची रेघ उपयोगी पडत नाही, खाली वेगळी रेघ धरावी लागते. ‘दर्पण’च्या पानावरचा तोच प्रश्न इथे ऑइलपेंटमध्ये, खारट वाऱ्यात, वाळूत उभं राहून सोडवला जातो. रंग निवडतानाही हिशेब असतो. लांबून, हलत्या पाण्यावर, उन्हाच्या तिरिपीत नाव वाचता यायला हवं. म्हणून गडद पट्ट्यावर पांढरी किंवा पिवळी अक्षरं, आणि त्यांना एका बाजूने शेड.

असाच हात एसटीच्या लोखंडी पाट्यांवर, बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांवर आणि दशावतारी नाट्यमंडळांच्या पडद्यांवर फिरला. नाटकाच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नावालाच चेहरा देण्याची जी कला उभी केली, तिला मोठी प्रतिष्ठा मिळाली आणि ती योग्यच होती. २०२० मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. गावोगावच्या पेंटरांचं काम मात्र पावसाने धुऊन नेलं किंवा फ्लेक्सखाली झाकलं गेलं.

फ्लेक्स स्वस्त आहे, एका तासात होतो आणि छोट्या दुकानदाराला परवडतो. त्याला नावं ठेवून उपयोग नाही. तक्रार आहे ती त्यावरच्या अक्षरांबद्दल. जागा भरण्यासाठी फॉन्ट आडवा ताणला की अक्षरांचे उभे दंड जाड होतात आणि शिरोरेषा तेवढीच बारीक राहते. नाव रुंद होतं पण लुळं पडतं. उभा ताणला की उलट होतं. ही खूण एकदा कळली की कुडाळपासून मालवणपर्यंतच्या रस्त्यावर ती पावलोपावली दिसते. फ्लेक्सवाल्याने ताणण्याऐवजी रुंद किंवा जाड फॉन्ट निवडला तर वेळ तेवढाच लागतो आणि पैसे जास्त पडत नाहीत.

संगणकावरच्या ‘ल’ची गोष्ट थोडी वेगळी. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या आणि मधून वर जाणारा देठ असतो. हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. युनिकोडमध्ये दोन्हींना क्रमांक एकच. त्या क्रमांकावर कुठला चेहरा दाखवायचा हे फॉन्ट ठरवतो आणि बहुतेक फॉन्ट आधी हिंदीचा दाखवतात. हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. रशियन आणि बल्गेरियन भाषा एकच सिरिलिक लिपी वापरतात, पण काही अक्षरांची बल्गेरियन वळणं वेगळी आहेत. चिनी आणि जपानी भाषांतली कितीतरी चित्राक्षरं एकाच क्रमांकावर आहेत आणि त्यांच्या रेघा दोन देशांत वेगळ्या पडतात. उपाय सगळीकडे सारखाच: एकाच फॉन्टात दोन्ही रूपं ठेवायची आणि मजकुराची भाषा कोणती ते यंत्राला सांगायचं. नीट घडवलेल्या फॉन्टात मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की पाकळ्यांचा ‘ल’ येतो. भाषा हिंदी राहिली तर येत नाही.

सिंधुदुर्गाला याचं महत्त्व जास्त वाटायला हवं. मालवण, कणकवली, वेंगुर्ले, तारकर्ली, कालेली: नावांत ‘ल’ इतका की तो बदलला तर अर्ध्या जिल्ह्याचा चेहरा बदलतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमाला ठरवून दिली होती. नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायचा असं स्पष्ट केलं. निर्णय झाला, पण पाटी रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या माणसापर्यंत तो पोचलेला दिसत नाही.

साधनं नाहीत अशी सबब आता सांगता येणार नाही. र. कृ. जोशी यांनी आयआयटी मुंबईत आणि पुढे संगणकाच्या क्षेत्रात भारतीय लिप्यांसाठी आयुष्य वेचलं. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ लिहून ठेवला, तो १९७१ मध्ये निघाला. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ असे फॉन्ट सगळ्यांना फुकट वापरायला दिले आहेत. २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये जागा आहे.

उरतं ते मागणी करण्याचं काम. पत्रिका छापायला देताना, दुकानाची पाटी सांगताना, ग्रामपंचायतीचा फलक मंजूर करताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी हवेत, फॉन्ट ताणू नका, गावाचं नाव छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, एवढं सांगायला पैसे पडत नाहीत. आणि ज्यांच्या घराजवळ हाताने रंगवलेली पाटी, होडी किंवा दशावताराचा पडदा शिल्लक आहे त्यांनी त्याचा समोरून, स्वच्छ उजेडात फोटो काढावा, जागा आणि तारीख लिहावी, रंगवणाऱ्याचं नाव विचारून त्याच्या परवानगीने टिपावं आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर असतात. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.